कुत्रा फिरवायला माणूस ठेवताना: दादर-परळच्या दाटीत काय बघायचं, काय ठरवायचं

दादर, माहीम, परळ, लालबाग, गिरगाव या पट्ट्यात कुत्रा पाळणाऱ्या घराला अंगण नसतं. दार उघडलं की पॅसेज, मग जिना किंवा लिफ्ट, मग गाड्यांनी भरलेलं कम्पाउंड, मग फाटक आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की थेट रस्ता. हे अंतर चालायला तीन-चार मिनिटं लागतात. गळपट्ट्यातून मान सुटणं, लिफ्टच्या दारात लीश (कुत्र्याला धरायचा लांब पट्टा) अडकणं, समोरून धावत येणाऱ्या शाळकरी पोराच्या अंगावर कुत्र्याने उडी घेणं, या सगळ्याच्या जागा याच तीन-चार मिनिटांत एकापाठोपाठ येतात. म्हणून माणूस निवडताना ‘त्याला कुत्री आवडतात का’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: तो तुमच्या दारापासून फुटपाथपर्यंत कुत्रा कसा नेतो?

आधी आपली गरज कागदावर मांडा

‘सकाळ-संध्याकाळ फिरवून आणायचं’ एवढंच सांगून माणूस ठेवला की महिन्याभरात कुरबुरी सुरू होतात. किती वेळ, कोणत्या वेळी आणि नक्की कशासाठी, हे ठरवा. शी-शूची फेरी 10-15 मिनिटांत उरकते, पण ते फिरणं नव्हे. तरुण लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा बीगलला दिवसातून दोनदा 40-45 मिनिटं लागतात. आपल्या देशी कुत्र्याला प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. पग, शिह त्झू, पॉमेरेनियन 20 मिनिटांत समाधानी असतात, आणि उन्हाळ्यात त्यांना त्याहून जास्त फिरवूही नये. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला एक लांब फेरी मारण्यापेक्षा तीन छोट्या फेऱ्या बऱ्या.

वेळ ठरवताना लिफ्टचा हिशेब धरा. सतराव्या मजल्यावर सकाळी सातच्या सुमाराला, शाळेच्या गर्दीत, लिफ्ट मिळून खाली पोचायला सहा मिनिटं गेली आणि परत येताना तेवढीच गेली, तर 30 मिनिटांच्या फेरीत कुत्र्याच्या वाट्याला 18 मिनिटं येतात. त्यामुळे वेळ फाटकापासून फाटकापर्यंत मोजायची, असं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. यावरून होणारी भांडणं निम्मी तिथेच मिटतात.

पिल्लू असेल तर थांबा. पार्व्हो आणि डिस्टेंपर या आजारांवरच्या लसींचे डोस साधारण 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून सुरू होऊन 16 आठवड्यांच्या आसपास संपतात. शेवटच्या डोसनंतर आठवडा-दोन आठवडे होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवू नका. तोवर पिल्लाला उचलून खाली नेऊन गाड्यांचे, माणसांचे आवाज ऐकवायला हरकत नाही. त्यासाठी वॉकर, म्हणजे फिरवणारा माणूस, लागत नाही. मोठ्या कुत्र्याची रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना, या दोन्हींची मुदत माणूस ठेवण्याआधी तपासा. दोन्हींचे फोटो वॉकरच्या फोनमध्येही असू द्या.

माणूस शोधायचा कुठे

जाहिरात देण्याआधी तीन दिवस आपल्याच गल्लीत उभे राहा, सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी सात ते नऊ. परिसरातले सगळे वॉकर या वेळात डोळ्यांखालून जातात. त्यांना कळू न देता पाच गोष्टी बघा. लीश सैल आहे की कुत्रा सतत फरफटत जातोय? फोन हातात आहे की खिशात? शी उचलली की पुढे गेला? भटकी कुत्री दिसल्यावर तो थांबला, बाजू बदलली, की दगड उचलला? आणि हातात कुत्री किती आहेत? एका माणसाच्या हातात सहा लीश दिसणं या शहरात नवं नाही. त्यातलं एक बिथरलं की उरलेली पाच त्या माणसाच्या ताब्यात नसतात. दोनच्या वर एकही नको, आणि ती दोनही आकाराने, स्वभावाने जुळणारी हवीत.

चांगला माणूस दिसला की ज्या कुत्र्याला तो फिरवत होता त्याच्या घरी चौकशी करा. याखेरीज जवळच्या व्हेटचा (जनावरांच्या डॉक्टरचा) कम्पाउंडर, पेट शॉपवाला आणि सोसायटीचा वॉचमन यांना विचारा. वॉचमनची माहिती सगळ्यांत पक्की असते. कोण वेळेवर येतो, कोण कम्पाउंडमध्येच बाकावर बसून अर्धा तास काढतो, कोण कुत्र्यावर हात उगारतो, हे त्याने पाहिलेलं असतं. अॅपवरून माणूस मागवला तरी रोज तोच येणार का, हे विचारा. दर आठवड्याला नवा चेहरा आला तर कुत्र्याला कोणाचाच सराव होत नाही.

पोरासोरांना हे काम देऊ नका. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. शिवाय 30 किलोच्या लॅब्रॅडॉरने झटका दिला तर किरकोळ अंगाचा मोठा माणूसही ओढला जातो.

काय विचारायचं

गोड बोलण्यावर जाऊ नका, प्रसंग घालून विचारा. ‘लीश हातातून सुटली तर काय करता?’ याला ‘कधी सुटतच नाही’ असं उत्तर देणारा माणूस नको. ‘मागे पळत नाही, खाली बसून हाक मारतो, लगेच तुम्हाला फोन करतो’ असं म्हणणारा हवा. ‘शी पातळ झाली तर सांगता का?’ असंही विचारा.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न मात्र हा: ‘आमचा कुत्रा घेऊन तुम्ही पुढच्या बिल्डिंगमध्ये दुसरा घ्यायला वर जाता, तेव्हा आमचा कुठे असतो?’ एकामागून एक घरं करणारे बरेच वॉकर पहिल्या कुत्र्याला फाटकाच्या गजाला बांधून वर जातात. त्या पाच-सात मिनिटांत बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही आणि भटक्या कुत्र्यांशी सामना झाला तर मागेही हटता येत नाही. तो चोरीला जाऊ शकतो, किंवा कुणा मुलाने शेपटी ओढली म्हणून चावू शकतो. यावर ‘बांधणार नाही’ असं स्पष्ट कबूल करून घ्या आणि पहिल्या महिन्यात वॉचमनकडून खात्री करा.

ओळखपत्राची प्रत, राहायचा पत्ता, घरच्या एकाचा नंबर घ्या. पोलिस पडताळणीची माहिती घरकामाच्या माणसांसाठी देता तशीच द्या. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये किंवा गेटच्या अॅपमध्ये त्याचं नाव ‘फक्त फ्लॅट अमुक, या वेळात’ असं घाला.

पहिला आठवडा

पहिले दोन दिवस तुम्ही कुत्रा धरा आणि वॉकर सोबत चालेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो धरेल आणि तुम्ही दहा पावलं मागून चाला. पाचव्या दिवशी तो एकटा जाईल, पण 15 मिनिटांसाठी. सहाव्या दिवशी पूर्ण फेरी. या सहा दिवसांचे पैसे पूर्ण द्या, नाहीतर चांगला माणूस थांबत नाही.

मागून चालताना कुत्र्याकडे बघा. शेपटी पोटाखाली, कान मागे, वारंवार जांभया, ओठ चाटणं, दर थोड्या वेळाने मागे वळून तुम्हाला शोधणं ही भीतीची खूण. पहिल्या दिवशी हे चालतं. सहाव्या दिवशीही तेच असेल तर जोडी जमत नाही, त्यात कोणाचा दोष असेलच असं नाही.

दार, लिफ्ट, जिना

हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) किंवा गळपट्टा घराचं दार बंद असतानाच घालायचा. उघड्या दारात हार्नेसचं बक्कल लावत बसलेला माणूस म्हणजे कुत्र्याला पळायला दिलेली संधी. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत, तिसरं जाता कामा नये. मग एक चाचणी करा: कुत्र्यासमोर उभं राहून लीश हळू आपल्याकडे ओढा. घाबरलेला कुत्रा मागे सरकून डोकं काढून घेतो, तसाच हाही मागे सरकेल. कान पट्ट्यातून निघाले तर पट्टा सैल आहे. देशी कुत्र्यांचं डोकं मानेच्या मानाने निमुळतं असतं, त्यामुळे साधा गळपट्टा त्यांच्या डोक्यावरून सहज निसटतो. त्यांना छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घाला, किंवा ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा. भित्र्या कुत्र्याला दोन्ही घालून दोन टोकांची लीश दोन्हीला अडकवा.

लीश चार ते सहा फुटांची, सलग, जाड पट्टीची हवी. बटण दाबून लांब होणारी, आतल्या आत गुंडाळणारी लीश या वस्तीत वापरू नका. तिची दोरी बारीक असते, ती स्कूटरच्या चाकात, म्हाताऱ्या माणसाच्या पायात जाते आणि झटक्याने ओढली तर बोटं कापते. लीशचं हँडल अंगठ्यात अडकवून मग उरलेला पट्टा मुठीत दुमडून घ्यायचा. मनगटाला वेढे घालायचे नाहीत. मोठ्या कुत्र्याने ओढलं तर मनगट उतरतं.

आता लिफ्ट. सरकत्या स्वयंचलित दारांना मधे हात आला तर कळतं, बारीक लीश मधे आली तर बहुतेक वेळा कळत नाही. कुत्रा आत, माणूस बाहेर किंवा उलट, आणि दार बंद होऊन लिफ्ट निघाली तर गळ्याला फास बसतो. यासाठी वॉकरला एकच पद्धत शिकवा आणि चार वेळा करून घ्या. लिफ्टचं दार पूर्ण उघडेपर्यंत दोन पावलं मागे थांबायचं, कारण आतूनही कुत्रा बाहेर येत असतो. लीश गळ्याजवळ वीतभर अंतरावर धरायची. एका हाताने दार अडवून कुत्र्याला आपल्याबरोबरच आत घ्यायचं. त्याला मागच्या कोपऱ्यात बसवून स्वतः त्याच्या आणि दाराच्या मधे उभं राहायचं. दार मिटण्याआधी खाली नजर टाकायची: चार पाय, शेपटी, लीश, सगळं आत. तरीही लीश अडकलीच तर ओढाताण नको. थांबवायचं बटण दाबायचं आणि त्याच क्षणी कुत्र्याच्या बाजूचा हुक उघडायचा. म्हणूनच कुत्र्याकडच्या टोकाला एका अंगठ्याने उघडणारा हुक हवा. स्क्रू फिरवून लॉक होणारा हुक रस्त्यावर जास्त मजबूत वाटतो, पण लिफ्टमध्ये तो वेळेत उघडत नाही. रस्ता आणि लिफ्ट या दोन धोक्यांत लिफ्टचा धोका काही सेकंदांत जीव घेणारा आहे, म्हणून आमचा कौल साध्या, भक्कम, अंगठ्याच्या हुकाला.

गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत जाळीच्या दारांच्या लिफ्ट अजून आहेत. त्यांची अडचण वेगळी. जाळीतून पंजा आणि शेपटी बाहेर जाते आणि लिफ्ट मजल्याच्या स्लॅबजवळून सरकते. लहान कुत्र्याला उचलून घ्यायचं. मोठ्याला मागच्या भिंतीला टेकवून, शेपटी हाताने आत घेऊन उभं करायचं. तिसऱ्या मजल्यापर्यंत राहत असाल तर जिनाच बरा. फक्त डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या आणि सांधे दुखणाऱ्या कुत्र्यांना रोज जिना उतरायला लावू नये.

लिफ्टमध्ये शेजारी असतील तर ‘येऊ का?’ असं विचारायचं. कोणी नको म्हटलं तर पुढची लिफ्ट घ्यायची. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही आणि कुत्र्याला लिफ्ट वापरू न देणंही त्यात बसत नाही. मात्र रोज चेहरा दिसणाऱ्या माणसाशी हक्काने भांडण्यापेक्षा दोन मिनिटं थांबणं शहाणपणाचं, आणि हे वॉकरलाही समजावून सांगा. भांडायची वेळ आली तर ते तुमचं काम, त्याचं नाही.

रस्त्यावर

भटक्या कुत्र्यांच्या हद्दी गल्लीगणिक बदलतात आणि जुन्या वॉकरला त्या पाठ असतात. कान टोकाला कापलेला किंवा खाच पाडलेला असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे. असे कळप सहसा शांत असतात, तरी हद्दीत घुसलेला परका कुत्रा त्यांना खपत नाही. रस्ता आखताना हद्द सुरू होण्याआधीच समोरच्या फुटपाथवर जायचं. कुत्र्यांना खाऊ घालणारी मंडळी रात्री ठरावीक वेळी, ठरावीक जागी येतात. त्या वेळी ती जागा टाळायची. बिस्किटं टाकून वाट काढणं पहिल्या दिवशी जमतं. चौथ्या दिवशी सगळा कळप बिस्किटांसाठी मागे लागतो.

कळप अंगावर आलाच तर थांबायचं, त्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही, आपल्या कुत्र्याला मागे घेऊन स्वतः मधे उभं राहायचं आणि तिरकं, हळूहळू मागे सरकायचं. धावलं की पाठलाग सुरू होतो. लहान कुत्र्याला उचलायचं असेल तर आधीच उचला. कळप जवळ आल्यावर उचललं तर ते माणसाच्या छातीपर्यंत उड्या मारतात. काठी आणि दगड नको. ज्याने मारलं त्याला ती कुत्री ओळखून ठेवतात, आणि उद्या त्याच माणसाच्या हातात तुमचा कुत्रा असतो. मादी माजावर असेल तर साधारण तीन आठवडे वॉकरबरोबर मुख्य रस्त्याला पाठवूच नका. कम्पाउंडमध्ये, तुमच्या देखत फिरवा.

दुसरा धोका जमिनीवरचा. चायनीजच्या गाड्यांमागे, बिर्याणीच्या दुकानांबाहेर कोंबडीची शिजलेली हाडं पडलेली असतात. ती उभी चिरतात आणि घशात, आतड्यात टोचतात. कचऱ्याच्या डब्यांजवळ उंदीर मारायच्या गोळ्या असतात. त्यातल्या काही औषधांनी रक्त गोठायचं थांबतं आणि खाल्ल्यावर दोन ते पाच दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो. नंतर हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं किंवा कुत्रा एकदम निपचित पडतो. खाल्ल्याचं लगेच कळलं तर व्हेट वेळेत उलटी करवून, जीवनसत्त्व के देऊन वाचवू शकतो. पण वॉकर बोलला तरच कळणार. म्हणून पहिल्याच दिवशी त्याला सांगा: ‘त्याने काहीही तोंडात घातलं तर मला सांगायचं. ओरडणार नाही, पैसे कापणार नाही.’ आणि तो सांगेल तेव्हा हा शब्द पाळा. रस्त्यावरचं खायची सवयच असेल तर तोंडावर जाळीचं, पिंजऱ्यासारखं मझल (मुसकं) घाला. त्यात कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळून धरणारं कापडी मझल फिरताना घालू नका.

शी उचलण्याची मुंबईत रुळलेली पद्धत उत्तम आहे, फक्त ती नीट करायला हवी. वर्तमानपत्राचं अर्धं पान दोन घड्या घालून खिशात ठेवायचं. कुत्रा हुंगत गोल फिरायला लागतो, मग पाठ कमानीसारखी वाकवतो. त्याच क्षणी मागच्या बाजूने कागद जमिनीवर सरकवायचा. शी कागदावर पडते, फुटपाथला डाग लागत नाही. चारही कोपरे उचलून पुडी करायची आणि पिशवीत टाकायची. पावसाळ्यात कागद भिजून फाटतो, तेव्हा पिशवी हातमोज्यासारखी उलटी घालून उचलायची. प्रत्येक फेरीला तीन कागद आणि दोन पिशव्या तुम्ही पुरवा. वॉकरने स्वतःच्या पैशाने आणाव्यात अशी अपेक्षा ठेवली की तो उचलायचं टाळतो. पुडी पावसाळी गटारात टाकायची नाही. ते पाणी थेट खाडीला, समुद्राला मिळतं. पिशवी नीट बांधून सोसायटीत सॅनिटरी कचरा जिथे वेगळा घेतात तिथे द्या. रस्त्यावर शी सोडून गेल्यास महापालिकेचा दंड आहे, आणि तो कोणी भरायचा हेही आधीच ठरलेलं बरं.

फेरीनंतर वॉकरकडून एका ओळीचा निरोप घ्या: ‘शी 1, शू 3, पाणी प्यायला’. शी पातळ, काळी किंवा रक्ताची असेल तर ते लिहायला सांगा. फिरताना फोटो, व्हिडिओ मागू नका. फोटो काढणारा हात लीशवर नसतो. फोटो हवाच असेल तर परत आल्यावर, फाटकाच्या आत.

ऊन, पाऊस, मिरवणुका

कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि मुंबईच्या दमट हवेत धापा कमी कामी येतात. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये सकाळची फेरी साडेसातच्या आत संपली पाहिजे आणि संध्याकाळची सातनंतर सुरू झाली पाहिजे. तळहाताची मागची बाजू डांबरावर किंवा पेव्हर ब्लॉकवर सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याचे पंजे भाजतील. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या वॉकरला साफ सांगा: घरघर वाढली की फेरी तिथेच संपली, पैसे पूर्ण मिळतील.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नये. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, मॅनहोल उघडं असू शकतं आणि दिव्याचे खांब, विजेच्या पेट्या यांच्याभोवतीच्या ओल्या जमिनीत वीज उतरलेली असू शकते. माणसाच्या पायात चप्पल असते, कुत्रा अनवाणी असतो. खांबाजवळ कुत्रा अचानक किंचाळला तर हात न लावता लीशने मागे ओढायचं. लेप्टोची लस दरवर्षी द्या. घरी आल्यावर बोटांच्या मधली जागा कोरडी करणं आणि कानात, काखेत, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधणं हे काम कोणाचं, तेही ठरवा. आमच्या मते ते घरच्यांनी करावं. वॉकरला पुढचं घर गाठायचं असतं.

लालबाग-परळमध्ये गणपतीचे दिवस म्हणजे वेगळंच वेळापत्रक. ढोल-ताशा सुरू होण्याआधी, पहाटे सहाच्या आत एक फेरी आणि विसर्जनाच्या दिवशी फक्त कम्पाउंड. दिवाळीत अंधार पडण्याआधी फेरी उरका, दोन लीश लावा आणि गळ्यात दोन फोन नंबरांचा बिल्ला असल्याची खात्री करा. कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप असेल तर उत्तमच. पण तिचा 15 आकडी क्रमांक यंत्राशिवाय वाचता येत नाही. सापडलेला कुत्रा पानवाल्याने परत आणावा असं वाटत असेल तर बिल्लाच हवा.

पैसे, सुट्ट्या, किल्ली

दर गल्लीगणिक वेगळे आहेत. कुत्र्याचं वजन, फेऱ्या, कुत्रा एकटा न्यायचा की दुसऱ्याबरोबर, रविवार धरून की सोडून, यावर ते ठरतात. दर कोणताही असो, तो फेरीच्या भाषेत मांडा. समजा महिन्याला 3900 रुपये आणि रविवार सोडून 26 फेऱ्या, तर एका फेरीचे 150. त्याने दोन खाडे केले तर 300 वजा. तुम्ही बाहेरगावी गेलात म्हणून फेऱ्या बुडाल्या तर वजा नाही, कारण त्याने ती वेळ तुमच्यासाठी राखलेली असते. महिन्यातून दोन भरपगारी सुट्ट्या द्या. आजारी असूनही लीश हातात धरणाऱ्या माणसापेक्षा ते परवडतं. दिवाळीचा बोनस, उचल द्यायची की नाही, द्यायची तर किती, हेही बोलून घ्या. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते.

कोकणातला मुलगा गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणार, उत्तरेकडचा छठला. हे दरवर्षी ठरलेलं असताना ऐन वेळी धावपळ का करायची? बदली माणूस वॉकरनेच आणायचा असेल तर त्याचीही दोन दिवसांची ओळखफेरी आधी व्हायला हवी.

पहिले तीन महिने किल्ली देऊ नका. कोणीतरी घरी असेल अशीच वेळ ठरवा. नंतर दिली तर किल्लीवर फ्लॅट नंबर किंवा नाव लिहू नका. कोडचं कुलूप असेल तर त्याच्यासाठी वेगळा कोड ठेवा.

काही बिनसलं तर

फ्रिजवर आणि वॉकरच्या फोनमध्ये एकच चिठ्ठी ठेवा: तुमचे दोन नंबर, शेजाऱ्याचा नंबर, व्हेट, रात्री उघडा असणारा दवाखाना, आणि कुत्र्याला गाडीत घेणारा एक टॅक्सीवाला. शेवटची गोष्ट लोक विसरतात. मोठं कुत्रं बघून टॅक्सी थांबत नाही आणि तिथे अर्धा तास जातो. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. कोणत्या वेळी कोण बघतं, ते आजच फोन करून विचारून ठेवा.

कुत्रा सुटला तर वॉकरने पहिल्या दोन मिनिटांत फोन करायला हवा. तासभर स्वतः शोधून मग सांगण्यात सगळं हातातून जातं. मागे धावायचं नाही. खाली बसायचं, पाठ वळवून उलट्या दिशेला चालायचं, आवाज नेहमीचा ठेवायचा. तोवर तुम्ही आसपासच्या वॉचमनना आणि गाडीवाल्यांना फोटो पाठवा.

कुत्रा कोणाला चावला, किंवा वॉकरला भटकं कुत्रं चावलं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. महापालिकेच्या रुग्णालयांत रेबीजची लस मिळते. वॉकरच्या उपचाराचा आणि बुडालेल्या दिवसांचा खर्च तुम्ही द्या. तो तुमच्या कामावर होता. रोज अनोळखी कुत्र्यांतून जाणाऱ्या माणसाने आधीच घ्यायची रेबीजची लसही असते, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. ती त्याला घ्यायला लावा. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने हयगय केली आणि माणसाला इजा होण्याचा धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा होतो, आणि फिरताना ताबा वॉकरचा असतो. तुमचा कुत्रा आधी कोणाला चावला असेल तर ते त्याच्यापासून लपवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

ऊन लागलेल्या कुत्र्याची जीभ गडद लाल होते, लाळ चिकट होते, चाल अडखळते. सावलीत घ्या, पोटावर, जांघेत, मानेवर नळाचं साधं पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच ओलं कुत्रं घेऊन व्हेटकडे निघा. पाणी जबरदस्तीने पाजू नका, ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते.

माणूस बदलायची वेळ कधी येते? वॉकरची बेल वाजल्यावर दाराकडे धावणारा कुत्रा पलंगाखाली जायला लागला, काखेत हार्नेस घासल्याच्या खुणा दिसल्या, 40 मिनिटांची फेरी करूनही तो घरात येऊन शू करायला लागला, की वॉचमनशी बोला आणि एक दिवस न सांगता मागून चाला. थांबवायचं ठरलं तर बाकी पैसे त्याच दिवशी चुकते करा, किल्ली परत घ्या, कोड बदला आणि रजिस्टरमधलं नाव काढून घ्यायला वॉचमनला सांगा.